अर्धा पाईप, फुल पाईप आणि तोच रेडियस?

प्रश्न : ६०० मिमी व्यासाच्या गोल पाईपची त्रिज्या ३०० मिमी, मग हायड्रॉलिक रेडियस १५० कसा येतो? आणि पाईप अर्धाच भरला तरी १५०च म्हणे! चौकोनी चॅनलला वरची बाजू धरायची का?

उत्तर : इथे कंपासवाली त्रिज्या डोक्यातून काढूनच टाका. हायड्रॉलिक रेडियस म्हणजे पाण्याने व्यापलेलं क्षेत्रफळ भागिले ओली कडा (वेटेड पेरिमीटर), म्हणजे पाणी भिंतीला आणि तळाला जेवढं टेकलंय तेवढीच लांबी, बस एवढंच. फुल पाईपला हे गणित व्यासाच्या पाव भागावर येतं, म्हणून १५०. अर्धा भरला की क्षेत्रफळ निम्मं झालं आणि ओली कडाही निम्मी झाली, मग भागाकार बदलणार कसा?

खरी गंमत मधल्या पातळीला आहे. पाण्याची खोली व्यासाच्या साधारण ८१ टक्के असताना रेडियस सगळ्यात जास्त येतो, तुमच्या पाईपला सुमारे १८२ मिमी, कारण त्याच्या वर पाईप आत वळतो, पाणी थोडंच वाढतं पण ओली कडा भराभर वाढत जाते. त्यामुळे मॅनिंगच्या सूत्राने (रेडियस, उतार आणि खडबडीतपणावरून पाण्याचा वेग काढायचं सूत्र) तिथला वेग फुल पाईपपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास जास्त निघतो (उतार आणि खडबडीतपणा तोच धरला तर).

आता चौकोनी चॅनल. वरची उघडी बाजू धरायची नाही, तिथे फक्त हवा आहे आणि हवेचं घर्षण आपण सोडून देतो. २ मी रुंद, ०.५ मी खोल पाणी असेल तर क्षेत्रफळ १ चौ.मी, ओली कडा ०.५ + २ + ०.५ = ३ मी, रेडियस ०.३३ मी. पण त्याच पाण्यावर झाकण टेकलं तर चौथी बाजूही ओली होते, कडा ५ मी आणि रेडियस एकदम ०.२ मी! त्याच उताराला वेग साधारण २९ टक्के पडतो. बॉक्स कल्व्हर्ट (रस्त्याखालची चौकोनी मोरी) करणाऱ्यांनी हे नीट बघावं, पाणी स्लॅबला लागलं की हिशोबच बदलतो.

तिरक्या बाजूंच्या चॅनलला बरेच जण उभी खोलीच धरतात, ते चूक, तिरकी लांबी घ्या. उभं १ आणि आडवं १.५ असेल तर ती खोलीच्या १.८ पट येते.

प्रश्न : रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) काढताना व्यासाच्या जागी हा रेडियस टाकला तर चालेल ना?

उत्तर : थेट नाही. त्याची चौपट करा, तो हायड्रॉलिक डायमीटर, फुल गोल पाईपला बरोबर व्यासाएवढा. ओपन चॅनलमध्ये रेडियसच टाकायची पद्धत आहे, पण मग लॅमिनारची (संथ, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहाची) मर्यादा पाईपच्या २००० ऐवजी ५०० धरतात. एकाचा रेडियस आणि दुसऱ्याची मर्यादा असं मात्र करू नका.