जर्मनीतील प्रवेश आणि घरावरचे कर्ज

सांगलीच्या एका भगिनींनी विचारले आहे: मुलगी यंदा बारावी झाली असून तिला मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी जर्मनीला जायचे आहे. आमच्याकडे १४ लाखांच्या मुदत ठेवी आहेत, वार्षिक उत्पन्न साडेसात लाख आहे आणि आम्ही ओबीसी प्रवर्गात मोडतो. घर तारण ठेवून ३० लाखांचे कर्ज काढा आणि दीड लाख रुपये आगाऊ भरा, असे एजंट म्हणतो. काय करावे?

ताई, या वर्षी घर तारण ठेवू नका आणि एजंटला पैसेही देऊ नका.

आपल्याकडे सीईटीचे पर्सेंटाइल लागले की कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत जागा मिळते, म्हणजे प्रवेश नक्की झाल्यावर मोठा खर्च सुरू होतो. जर्मनीत नुसती बारावी पदवी प्रवेशाला पुरेशी धरली जात नाही. आधी श्टुडिएनकोलेग नावाचे एक वर्षाचे पूर्वतयारीचे शिक्षण घ्यावे लागते, त्यासाठी जर्मन भाषा यावी लागते, प्रवेश परीक्षा असते आणि शेवटच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले तरी हाती पात्रता येते, जागा नव्हे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही हे खरे असले, तरी व्हिसासाठी दरवर्षाच्या राहणीखर्चाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. युरो १०० रुपये धरला, तरी तयारीचे एक आणि पदवीची तीन अशा चार वर्षांचे हे साधारण ४८ लाख होतात; एजंटच्या ३० लाखांत तुमच्या ठेवी मिळवल्या तरी आकडा जुळत नाही.

मात्र याच व्यवस्थेत तुमच्या सोयीची एक वाट आहे. भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला श्टुडिएनकोलेगशिवाय त्या शाखेच्या पदवीसाठी थेट अर्ज करता येतो. (जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांनाही तांत्रिक शाखांसाठी अशी मुभा आहे.) शिवाय आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या ओबीसी कुटुंबातील मुलीने कॅपमधून प्रवेश घेतला, तर २०२४-२५ पासून तिचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य शासन भरते. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही, त्यामुळे पसंतीक्रम नीट विचार करून भरा. परदेशातले जे वर्ष तुम्हाला १२ लाखांना पडले असते, ते इथे वसतिगृह, पुस्तके आणि जर्मनच्या शिकवणीच्या खर्चात निभावेल.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. हिवाळी सत्रासाठी अनेक जर्मन विद्यापीठांची मुदत १५ जुलैला संपते आणि अर्जासोबत कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. इथल्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राचा निकाल लांबला, तर ही तारीख हुकेल. तेव्हा दुसऱ्या वर्षानंतर जाण्याचीही तयारी ठेवा. कारण बहुसंख्य पदवी अभ्यासक्रम जर्मनमधून चालतात आणि त्यांना लागणारी जर्मन भाषेची बी-२ किंवा सी-१ ही वरची पातळी एका वर्षात गाठणे इंजिनीअरिंगच्या अभ्यासासोबत फार जड जाते.

तोवर ठेवी मोडू नका, फक्त त्यांची मुदत पुढच्या जूनपूर्वी संपेल अशी बेताने बांधा. प्रवेशपत्र हातात आल्यावर घरावरच्या कर्जाऐवजी शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जा. त्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच, हे तुमच्या कर सल्लागाराला सांगून ठेवा.