रात्री मक्यात शिरणारी रानडुकरं मारता येतात का? (जळगाव जिल्हा)

परवान्याशिवाय नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 2 मध्ये (संरक्षित प्राण्यांच्या यादीत) रानडुक्कर आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली वनखात्याचा लेखी परवाना मिळू शकतो, पण मारलेलं डुक्कर सरकारजमा. मटणाची आशा सोडा. त्यापेक्षा सौर झटका मशीन, म्हणजे शेताभोवतीच्या तारेत सौर ऊर्जेवर झटका सोडणारं यंत्र बरं. पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी दोन वीत. खालची तार याहून वर गेली की डुक्कर मुस्कट घालून सरळ आत. गवत किंवा मक्याचं ओलं पान तारेला टेकलं तरी झटका उतरतो, म्हणून तारेखालची पट्टी साफ हवी. काळी जमीन भेगाळली की अर्थिंगच्या सळईशी पाणी ओता. मोटारीची लाइन मात्र तारेत थेट सोडू नका. त्यात माणूस मेला तर गुन्हा तुमच्यावरच.