घरापासून दूर पहिली कोजागरी: एवढंच जमवा

पहिल्याच वर्षी घट, दसरा, कोजागरी असं सगळं मांडायला जाऊ नका, दमाल. कोजागरी धरा. तिला दूध आणि मोकळं आकाश पुरतं.

आधी जागा बघा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री जवळपास डोक्यावर येतो. म्हणजे पूर्वेची बाल्कनी संध्याकाळपुरतीच. बाराला दूध दाखवायचं तर गच्चीच हवी. किल्ली दोन दिवस आधी मागा, हे हमखास राहतं.

चौघांसाठी:
- १ लिटर फुल क्रीम दूध
- साखर ५-६ मोठे चमचे
- बदाम, पिस्ते प्रत्येकी १०-१२
- ४ वेलदोडे, चिमूटभर जायफळ, थोडं केशर

जाड बुडाचं पातेलं पाण्याने विसळा आणि न पुसताच दूध ओता, म्हणजे बुडाला कमी लागतं. मंद आचेवर, कडेची साय खरवडून आत ढकलत, पाऊण लिटर होईपर्यंत आटवा. नवखे इथेच चुकतात: निम्म्यावर आणतात आणि बासुंदी होते. हे दूध पेल्यातून सहज पिता आलं पाहिजे. साखर शेवटी घाला. केशर आधी दहा मिनिटं कोमट दुधात भिजवा, तेव्हाच तो सुंदर पिवळा रंग उतरतो.

सुकामेवा मिक्सरमध्ये सलग फिरवू नका, तेल सुटून गोळा होतो. थांबत थांबत फिरवा, भरडच राहू द्या.

आणि दोन पेले जास्तीचे करा. शेजारच्यांनाही गच्चीवर बोलवा.