'अदर थिंग्ज बीइंग इक्वल': इक्वल, पण कशाशी?

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजी माध्यम घेतलेल्या यावलच्या मुलीचा प्रश्न असा: भाव वाढला की मागणी घटते, या मागणीच्या नियमाआधी 'अदर थिंग्ज बीइंग इक्वल' येतं, त्यातलं इक्वल म्हणजे कशाच्या बरोबरीचं? आणि रमजानात केळी महाग होऊनही जास्त खपतात, मग नियम खोटा का?

तू नेमक्या शब्दावर अडलीस. 'सगळं समान असताना' असं भाषांतर केलं की काहीच हाती लागत नाही. इथे दोन गोष्टी एकमेकींच्या बरोबरीच्या नाहीत. प्रत्येक गोष्ट आधी होती तशीच राहिली, एवढाच अर्थ. 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे आपलं पाठ्यपुस्तकी मराठी मला इंग्रजीपेक्षा जास्त स्वच्छ वाटतं. मूळ लॅटिन प्रयोग 'सेटेरिस पॅरिबस'; पुढच्या वर्गांत तोही भेटेल.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल, ज्यांचा 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' १८९० साली आला, त्यांनी यासाठी 'पाउंड' शब्द योजला. तो पैशांचा पाउंड नव्हे, मोकाट जनावरांचा कोंडवाडा! वर्गात हे सांगितलं की खेड्यातल्या मुलांना पुढे काही समजवावं लागत नसे. उत्पन्न, आवड, सणवार, पेरू-पपईचे भाव ही सगळी जनावरं तात्पुरती आत कोंडायची, आणि एकट्या भावाला मोकळं सोडून तो मागणीचं काय करतो ते बघायचं. कोंडलेली जनावरं मेलेली नसतात. नंतर एकेक करून बाहेर काढायचीच असतात.

आता तुझी केळी. समजा, तुमच्या चौकातला गाडीवाला एरवी ४० रुपये डझनाने दिवसाला २० डझन विकतो. रमजानात भाव ५० झाला, तरी इफ्तारच्या आधी तासाभरात गाडी रिकामी. दिवसाला ३५ डझन. इथे नियम मोडला नाही, कोंडवाड्याचं फाटक उघडलं. लोकांची गरजच वाढली आणि तिनेच भाव वर ओढला. यावलजवळच्या सावदा-रावेरचा केळीचा माल दिल्लीपर्यंत जातो, त्यामुळे तिकडची मागणीही आपल्या भावात उतरते. नियम तपासायचा तर त्याच संध्याकाळी, त्याच गिऱ्हाइकांसमोर भाव ६० करून बघ. तेव्हा ३५ डझन जातील का?

परीक्षेत इथेच मार्क जातात. केवळ भावामुळे मागणी हलली तर विस्तार किंवा संकोच. भाव आणि मागणीचं नातं दाखवणाऱ्या आलेखातला बिंदू त्याच वक्रावर सरकतो. इतर कारणाने हलली तर वृद्धी किंवा ऱ्हास. अख्खा वक्रच सरकतो. रमजानातली ती वृद्धी. आणखी एक, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. म्हणून गेल्या मार्चचा खप या मार्चशी ताडताना तो कुठे पडला होता हे आधी बघायचं.

बोलण्यातला वापर मात्र थोडा निराळा. 'अदर थिंग्ज बीइंग इक्वल, आय वुड चूज द निअरर कॉलेज.' म्हणजे फी, शिक्षक सगळं दोन्हीकडे सारखं असेल तर मी जवळचं कॉलेज घेईन. इथे खरोखर दोन पर्यायांची बरोबरी आहे. दोन्ही वापर बरोबर, पण अर्थशास्त्राच्या पेपरात पहिलाच अर्थ धरायचा. वाक्याच्या सुरुवातीला लिहिलंस तर पुढे स्वल्पविराम दे. 'ऑल एल्स बीइंग इक्वल' हेही तेच. 'सगळं सुरळीत झालं तर' या अर्थाने मात्र वापरू नकोस. तो अर्थ त्यात नाही.