डब्यावर 5000, टँकमध्ये किती?

माशांच्या मोठ्या टँकच्या पंपाबद्दल काय विचारायचंय ते विचारा असं म्हटलं होतं, आणि जे प्रश्न आले त्यातले निम्मे खरं तर एकच प्रश्न आहेत, म्हणून सारखे वाटले ते एकत्र केलेत. मासे, औषधं वगैरे पुढच्या वेळी.

प्रश्न : दादा, 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच टँक बनवतोय, खाली सम्प (टँकचं पाणी गाळायला खाली ठेवलेली दुसरी टाकी). दुकानदार म्हणतो तासाला 8000 लीटरवालाच पंप घ्या, नंतर पस्तावाल. खरंच एवढा लागतो का? (राजेंद्रनगर, इंदूर)

आधी हिशोब. 6 बाय 2 बाय 2 म्हणजे 24 घनफूट, म्हणजे 680 लीटर, त्यातून वरची मोकळी जागा, वाळू, दगड वजा केले की 600 च्या आसपास पाणी. गोड्या पाण्याच्या सम्पवाल्या टँकला सगळ्या पाण्याच्या तासाला तीन-चार फेऱ्या झाल्या तरी भरपूर, म्हणजे टँकच्या तोंडाशी तासाला 1800 ते 2400 लीटर पडायला हवेत. तोंडाशी म्हणतोय, डब्यावर नाही! डब्यावरचा आकडा पंप बादलीत ठेवून, पाइप न लावता, शून्य उंचीवरचा असतो.

आता तुमचा स्टँड अडीच फुटी धरू, त्यावर टँक 2 फूट, सम्पमध्ये 10 इंच पाणी, तर पंपाला पाणी साधारण 1.1 मीटर उचलायचंय, त्यात पाइप आणि एल्बोंचं (पाइपच्या वळणाच्या जोडांचं) घर्षण धरून 1.6 मीटर हेड, म्हणजे पंपाला पडणारी एकूण उंची, धरा. डब्यावर दुसरा एक आकडा असतो, मॅक्स हेड, म्हणजे ज्या उंचीवर पंपाचं पाणी थांबतं ती, तो कोणी बघतच नाही. समजा एक पंप 8000 लीटरचा आहे पण मॅक्स हेड 2 मीटर, आणि दुसरा 5000 चा आहे पण मॅक्स हेड 3 मीटर. ढोबळ हिशोबात सरळ रेष धरली तर पहिला तुमच्याकडे जेमतेम 1600 लीटर देईल आणि दुसरा 2300. मोठा आकडा घेऊन कमी पाणी! कंपनीने ग्राफ दिला असेल तर तोच बघा, नसेल तर हा ढोबळ हिशोब घर घेण्यापुरता नाही पण पंप घेण्यापुरता चालतो.

आणि वॉट बघा, कारण हा पंप मिक्सरसारखा पाच मिनिटं चालत नाही, वर्षाचे 8760 तास चालतो. 150 वॉटचा जुन्या पद्धतीचा एसी पंप वर्षाला 1314 युनिट खातो, तेवढंच पाणी देणारा 45 वॉटचा डीसी पंप 394. युनिट 7 रुपये धरलं तर वर्षाला सहा हजारांच्या वर फरक, डीसी महाग वाटतो पण पैसे किती दिवसांत वसूल होतात ते तुम्हीच मांडा. आपल्या इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर, नळाला नर्मदा येते ती नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर, वर डोंगर चढून, आणि त्या पंपांच्या बिलापायीच महापालिकेने 2023 मध्ये ग्रीन बॉण्ड काढले, जलूदला सोलर लावायला. उंचीवर पाणी चढवणं महागच असतं, मग तो विंध्य असो की अडीच फुटाचा स्टँड.

एक राहिलंच, पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॉट खातो ते जवळजवळ सगळे शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरतात. मे महिन्यात बाहेर 42 असताना टँकमध्ये 150 वॉटचा हीटर कोण ठेवतं? आपण ठेवतो, आणि मग गोल्डफिश वर येऊन तोंड उघडतात म्हणून बर्फाच्या पिशव्या सोडतो.

प्रश्न : घरी जुना अर्धा एचपीचा टुल्लू पंप पडून आहे, तोच सम्पला लावला तर? (सुदामानगरच्या एक ताई)

ताई, नको. अर्धा एचपी म्हणजे नुसती बाहेर पडणारी ताकदच 373 वॉट, आत तो त्याहून बराच जास्त ओढतो, 500 धरले तरी दिवसाला 12 युनिट. शिवाय तो टाकी भरण्यापुरता तासभर चालवायला बनवलेला, चोवीस तास चालवला की तापेल आणि आवाजाने घरच्यांची झोप जाईल. आणि मुख्य म्हणजे यांचा इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं फिरतं चक्र) बहुतेक वेळा पितळी, पितळ म्हणजे तांबं आलंच, आणि तांबं झिंग्यांना, गोगलगाईंना चालत नाही. तो गच्चीच्या टाकीलाच राहू द्या.

प्रश्न : प्लंबरने रिटर्नला (सम्पमधून वर टँकमध्ये पाणी नेणाऱ्या लाइनला) अर्ध्या इंचाचा पाइप टाकला, म्हणाला प्रेशर चांगलं येईल. पंप 5000 चा आहे पण टँकमध्ये धार बारीक पडते. पंप खराब आहे का?

पंप बिचारा ठीक आहे. हा प्रश्न चार जणांचा आहे आणि चारही ठिकाणी प्लंबरने घरात उरलेला पाइप वापरलाय असं माझं मत. बाथरूमच्या शॉवरला प्रेशर हवं असतं, आपल्याला पाणी हवंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बघा, तासाला 2400 लीटर अर्ध्या इंचातून घालवायचे तर आत वेग सेकंदाला 3 मीटरच्या वर जातो, एक इंचात तोच सव्वा मीटरच्या आसपास उतरतो. आणि घर्षण वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तेवढंच पाणी न्यायचं तर पाइपचा आतला व्यास दुप्पट केला की घर्षण साधारण तीस पटीने उतरतं. तीस टक्के नाही, तीस पट. म्हणून पंपाच्या तोंडाला पाऊण इंच असलं तरी तिथेच रेड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा जोड) उलटा लावून लगेच एक इंच करा, सव्वा इंच बसत असेल तर अजून छान. तोंडाच्या मापाचाच पाइप शेवटपर्यंत न्यायला हवा असा काही नियम नाही.

एल्बो मोजा. एक इंचाचा एक 90 चा एल्बो म्हणजे जवळपास पाऊण मीटर सरळ पाइपएवढा अडथळा, आणि मी एका घरी दीड मीटरच्या उंचीत सात एल्बो मोजलेत, स्टँडच्या पायाला वळसा घालून, मग भिंतीला चिकटून, मग परत पुढे. सुबक दिसत होतं, नाही म्हणत नाही. शक्य तिथे 45 चे दोन वापरा, किंवा पंपापासून वरपर्यंत जाड फ्लेक्सिबल होज टाका, आवाजही कमी होतो कारण पंपाची थरथर पीव्हीसीत जात नाही.

पंपाजवळ युनियन (हाताने फिरवून सुटणारा जोड) लावायला विसरू नका, नाहीतर साफ करताना करवत आणावी लागेल. सियागंजच्या बाजारात युनियन आणि बॉल वॉल्व्ह घेताना हातात धरून फिरवून बघा, जो दुकानातच घट्ट फिरतो तो दोन वर्षांनी फिरणारच नाही. सॉल्व्हंट लावल्यावर लगेच पाणी सोडू नका, रात्रभर राहू द्या.

प्रश्न : वॉल्व्ह अर्धा बंद ठेवला तर वीज वाचते का?

थोडीशी, पण त्यासाठी ते करू नका, पाणी जास्त होतंय म्हणून करायचं तर करा. मात्र वॉल्व्ह पंपाच्या पुढे, मागे कधीच नाही, ओढणारी बाजू आवळली की पंप आत बुडबुडे करून स्वतःचंच नुकसान करतो. खरी बचत कंट्रोलरवाल्या डीसी पंपात वेग कमी करून होते. वेग 70 टक्के केला की पाणी ढोबळमानाने 70 टक्के पण वीज एक तृतीयांशाच्या आसपास, कारण वीज वेगाच्या घनाने उतरते. आपल्याकडे पाणी उंचही चढवायचं असतं म्हणून पूर्ण एवढा फायदा मिळत नाही, वेग फार उतरवला तर पाणी वर पोचतच नाही.

प्रश्न : लाइट गेली की सम्प भरून खाली सांडतो. काय करू? (वडोदऱ्याहून, पण माहेर रामबाग)

याचं उत्तर मी सतरंजी वाळत घालून शिकलोय. पहिला मोठा टँक, पावसाळ्यातली रात्र, लाइट गेली, आम्ही झोपलेले. रिटर्नचा नोझल मी टँकमध्ये चार इंच आत बुडवला होता, दिसायला छान म्हणून. पंप थांबला तसं त्याच पाइपमधून पाणी उलटं सायफन होऊन खाली. माझा टँकही 6 बाय 2 चा, म्हणजे एक इंच पाणी उतरलं की 28 लीटर, चार इंचाचे 113, आणि सम्पमध्ये रिकामी जागा होती जेमतेम 40 लीटरची. आई उठून म्हणाली, अरे नळ चालू राहिला का? एक दिवसाआड येणारा नळ नेमका रात्री अडीचला, बरोबर!

तर नोझल पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली ठेवा, अर्ध्या इंचाहून जास्त नको, आणि पाइपला पातळीच्या जरा खाली 3-4 मिलिमीटरचं छिद्र पाडा, पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरून सायफन तुटतं. ते छिद्र शेवाळाने बुजतं, दर महिन्याला टूथपिक घाला. नॉन रिटर्न वॉल्व्हच्या (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) भरवशावर राहू नका, एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो, वर पाण्याला अडथळा कायमचा. आणि खरी परीक्षा म्हणजे तुम्ही जाग्या असताना, दिवसा, स्वतः प्लग काढा आणि सम्प कुठवर भरतो बघा, तिथे मार्करने रेघ मारा. रोज पाणी भरताना त्या हिशोबाने भरा.

प्लगचं निघालंच म्हणून, वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता तिथून टपकेल. आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नका.

प्रश्न : इन्व्हर्टरवर पंप गुरगुरतो आणि गरम होतो, चालेल का?

तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह दिसतोय, एसीचा चुंबकवाला पंप त्यावर असाच करतो. तासाभरासाठी ठीक, रोज तीन-तीन तास असेल तर साइन वेव्ह घ्या किंवा लाइट गेल्यावर फक्त बॅटरीचा एअर पंप चालवा, माशांना तेवढं पुरतं. कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) असेल आणि चार-पाच तास बंद राहिला असेल तर तसाच चालू करू नका, आत प्राणवायू संपून पाणी सडलेलं असतं, ते आधी ओतून टाका.

प्रश्न : आमच्याकडे बोरिंगचं पाणी, सहा महिन्यांत पंपाची धार अर्धी होते.

क्षार. इम्पेलरवर, चुंबकावर आणि ज्या खोबणीत तो फिरतो तिथे पांढरा थर बसलाय, नवीन पंप घेऊ नका. पंप काढा, पुढचं झाकण फिरवून उघडा, इम्पेलर ओढून काढा, कोमट पाण्यात चमचा-दोन चमचे लिंबूसत्व घालून तासभर सगळं बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा आणि साध्या पाण्याने चांगलं धुवा. मधला दांडा बहुतेक सिरॅमिकचा असतो, मोरीत सटकला की दोन तुकडे, आणि सुटा मिळेलच असं नाही, म्हणून धुताना खाली चहाची मोठी गाळणी धरा.