राजवाड्यात जायचं होतं, नाव झालं स्वयंपाकघरामुळे

प्रश्न: माद्रिदच्या प्रादो म्युझियमची चित्रं ऑनलाइन चाळताना मासे, संत्री आणि लसूण असलेलं एक चित्र दिसलं, लुइस मेलेंदेस, १७७२. मग त्याची बाकीची बघितली तर सगळीकडे खायचंच सामान! माणूस खवय्या होता का? आणि तीच ती भांडी परत परत का दिसतात?

उत्तर: खवय्या होता की नाही ते सोडा, पण तुम्ही बघितलेलं चित्र ज्या वर्षीचं आहे ना, त्याच १७७२ मध्ये याने राजा तिसऱ्या कार्लोसला अर्ज केला होता. त्यात लिहिलं होतं की स्पेनच्या हवामानात पिकणारं, मिळणारं सगळं खाणं चित्रात आणायचा बेत आहे, पण फळफळावळ तेवढी झाली, पुढचं काढायला पैसे नाहीत, आणि स्वतःच्या जेवणाचीही सोय नाही. म्हणजे असले गुबगुबीत पाव काढणारा माणूस स्वतः उपाशी. मला तर हे वाचल्यापासून त्याचं कुठलंही पावाचं चित्र नीट बघवत नाही.

मुळात त्याला हे काढायचंच नव्हतं. जन्म १७१६ चा, इटलीतल्या नेपल्सचा, पण वर्षभरातच घरचे माद्रिदला आले. वडील फ्रान्सिस्को मिनिएचर म्हणजे अगदी छोटी चित्रं काढायचे, काका मिगेल हासिंतो तर स्पेनचा राजा पाचव्या फेलिपेच्या दरबारात चित्रकार, म्हणजे घरातच सगळं, आणि पोरगाही तयारीचा. दरबारी चित्रकार लुई-मिशेल वान लूच्या हाताखाली राजघराण्याच्या पोर्ट्रेट्सच्या नकला करण्यात त्याची काही वर्षं गेली. १७४६ चं त्याचं सेल्फ पोर्ट्रेट पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे ते जरूर बघा, हातात नग्न पुरुषाचं ड्रॉइंग धरलंय आणि आपल्याकडे असा बघतोय की जणू काय विचारूच नका, मी अकॅडमीत शिकतोय! तिशीतला माणूस, सगळं समोर वाढून ठेवलेलं.

आणि मग वडिलांनी माती केली. माद्रिदला चित्रकलेची अकॅडमी हवी हे त्यांनी १७२६ लाच राजाला सुचवलं होतं, पण ती उभी राहायला लागली तेव्हा मान मिळाला दुसऱ्यांना, तेव्हा १७४८ मध्ये त्यांनी संचालकांवर जाहीर तोफ डागली. तक्रारीत तथ्य असेलही, पण किंमत पोराने मोजली, कारण अकॅडमीने लुइसचंही नाव काढून टाकलं. त्या काळात मोठी धार्मिक, ऐतिहासिक कामं हवी तर ओळखी अकॅडमीतूनच व्हायच्या, त्या सगळ्या एका झटक्यात बंद. तो इटलीत गेला आणि १७५३ च्या सुमारास परत आला तो वडिलांच्याच बोलावण्यावरून, कारण १७३४ च्या आगीत माद्रिदचा जुना राजवाडा जळाला होता आणि राजाच्या चॅपलसाठी भजनांच्या पोथ्या नव्याने रंगवायच्या होत्या. ते काम काही वर्षांत संपलं. मग १७६० ला दरबारी चित्रकाराच्या पदासाठी अर्ज, नकार. १७७२ ला परत अर्ज, परत नकार. (पुढे गाजलेला स्पॅनिश चित्रकार गोया, त्यालाही याच अकॅडमीने १७६३ आणि १७६६ च्या स्पर्धांमध्ये हात हलवत परत पाठवलं होतं, पण तो पुढे दरबारात पोचला.)

त्यातल्या त्यात मोठं काम मिळालं ते युवराजाकडून, म्हणजे पुढच्या चौथ्या कार्लोसकडून. त्याच्या निसर्गसंग्रहाच्या दालनासाठी खाद्यपदार्थांची मालिका, चव्वेचाळीस चित्रं. पण १७७६ ला पैशांवरून वाजलं आणि ऑर्डर तिथेच थांबली. १७८० मध्ये तो गेला, आणि जाण्याआधी त्याने स्वतःला निर्धन म्हणून नोंदवलं होतं. त्या मालिकेतली बहुतेक चित्रं आज प्रादोत आहेत.

आता भांड्यांचं. साधी गोष्ट आहे, भांडी त्याच्याजवळच असणार, मातीची सुरई, तांब्याची पातेली, दारू गार ठेवायचं बुचाच्या लाकडाचं भांडं, हीच घ्यायची आणि नव्याने मांडायची. एक्स-रेमध्ये वरच्या रंगाखाली आधी काढलेल्या आणि मग बुजवलेल्या वस्तू दिसतात, म्हणजे समोर मांडून, बघत बघत, बदल करत काढलेली चित्रं आहेत ही. आणि बघायची कुठून, तर खालून, अगदी टेबलाला नाक लावल्यासारखी, त्यामुळे एखादा साधा टरबूज पण डोंगराएवढा वाटतो. १७७० चं चॉकलेटच्या भांड्याचं चित्र आहे ते मोठं करून बघा, तांब्याच्या धातूवरचा उजेड आणि बाजूची पावाची खरबरीत साल, दोन्ही एकाच ब्रशने कशी काढली हे मला अजून कळलेलं नाही. सही शोधायची तर टेबलाच्या कडेला बघा, बऱ्याच चित्रांत नुसती आद्याक्षरं तिथे लाकडात कोरल्यासारखी काढून ठेवलीयत.