दोनशे तारानौका आणि भुसावळचं शेड

भाऊ, तुझी अंतराळयुद्धाची कथा वाचली. लढाई झकास, पण सहा महिन्यांत दोनशे तारानौका, म्हणजे ताऱ्यांपर्यंत जाणारी जहाजं, बांधून तयार? जरा दमानं घे. आपल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेचा कणा २००९ मध्ये घातला, म्हणजे बांधणी सुरू झाली, नौदलात ती आली २०२२ मध्ये. आणि ती तर पाण्यावरची! घाईनं बांधता येतं, नाही असं नाही. १९४२ मध्ये अमेरिकेनं एक लिबर्टी जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात सोडलं. पण त्याचे मोठाले भाग आधीच जोडून ठेवले होते, शिवाय ते साधं मालवाहू.

दुसरं, तुझ्या सगळ्या नौका कायम सज्ज कशा? भुसावळच्या लोको शेडकडे, रेल्वे इंजिनं दुरुस्त करतात तिकडे, बघ. एका इंजिनाखाली खड्ड्यात माणूस टॉर्च धरून ब्रेक तपासतोय, शेजारचं सुट्या भागासाठी अडकलंय. नौदलाचाही ढोबळ हिशेब तसाच: तिनातलं एक जहाज मोहिमेवर, एक सरावात, एक गोदीत. म्हणजे दोनशेतल्या साठ-सत्तरच लढायला धाड. एखादी अर्धवट दुरुस्तीतून ओढून काढ. दुसऱ्या महायुद्धात मिडवेच्या लढाईला अमेरिकेची विमानवाहू नौका यॉर्कटाउन तशीच गेली, तीनेक दिवसांच्या डागडुजीवर. तुझ्या शेवभाजीत शेव भरपूर आहे, हा देखभाल-दुरुस्तीचा रस्साच राहिलाय.

लेझर तोफांची पाच पानं मात्र काप.